टाचणीवरचा उतार

४ जानेवारी

ताई,

फोन उचलत नाहीस, म्हणून कागद घेऊन बसलो. माझं अक्षर तुला लागत नाही हे माहीत आहे, पण निदान चिडून तरी पुढे वाचशील. हे पत्र भाऊजींच्या तिकीट खिडकीतून आत सरकवणार आहे. लाँचच्या रांगेत उभा राहीन आणि नंबर आला की म्हणेन, तिकीट नको, एवढं ताईला द्या. त्यावर ते काय म्हणतील तेही आत्ताच सांगतो. म्हणतील, "मागे रांग आहे."

मंगळवारी तू डबा घेऊन माझ्या कामाच्या खोलीवर आलीस. दार उघडंच होतं. टेबलावर तू आपली गल्ली बघितलीस, म्हणजे गल्ली आहे ती जागा. तिच्यावर पांढऱ्या बोर्डाचे टॉवर उभे होते आणि मी त्यातल्या एकाच्या बाल्कन्या चिकटवत होतो. तू काही बोलली नाहीस. डबा ठेवलास, चपला घातल्यास आणि गेलीस. ओरडली असतीस तर मीही ओरडलो असतो आणि एव्हाना आपलं मिटलंसुद्धा असतं. आपल्या घरात भांडणं तशीच मिटतात.

आता माझं ऐकून घे. मी मॉडेलं करतो. इमारत बांधत नाही, तिचं खेळणं करतो. शाळेचं केलं, हॉस्पिटलचं केलं, जे कधी बांधलंच गेलं नाही त्या स्टेडियमचंही केलं. बिल्डर नकाशा देतो, मी तो पुठ्ठ्यात आणि अॅक्रिलिकमध्ये उभा करतो. मी नाही म्हटलं असतं तर टॉवर थांबणार होते का? दुसऱ्या कुणीतरी केलं असतं, आणि भिकार केलं असतं. झाडं म्हणून नुसते हिरवे स्पंजचे गोळे ठोकून दिले असते.

हेही सांगतो, की काम घेतलं तेव्हा तू निवडणुकीला उभी राहणार आहेस हे मला माहीत नव्हतं.

तुमच्याकडे काय चाललंय ते मला कळत नाही असं समजू नकोस. माझ्या लग्नाच्या बोलणीला सासरेबुवा आपल्या घरी आले तेव्हा सगळा वेळ नाकाला रुमाल लावून बसले होते, आठवतं? समुद्राचा वास सहन होईना त्यांना. परवा तेच मला विचारत होते, "तुझ्या ताईची खोली पाण्याकडे तोंड करून आहे ना रे?" दलाल लोक आता खिडकी कुठल्या बाजूला आहे ते बघून भाव सांगतात म्हणे. ज्या खोलीत आपण दोघं पाय दुमडून झोपायचो, तिचा भाव ऐकून हिने हातातला चहा खाली ठेवला.

तुझं म्हणणं एकच आहे, तेही मला ठाऊक आहे. घरं नवी बांधा, पण उतार सोडा. बाबांनंतर तू ज्या शेडमध्ये होड्यांच्या फटी बुजवत आलीस ती शेड आणि तिच्यापुढचा पाण्यात जाणारा दगडी उतार. तो गेला तर होड्या वर कुठून ओढायच्या, आणि होड्या गेल्या तर गल्लीतल्या निम्म्या घरांनी खायचं काय? तुझं चुकतंय असं मी कधीच म्हटलेलं नाही.

मी तुझ्या विरोधात नाही. एवढंच सांगायचं होतं.

तुझा भाऊ

१९ जानेवारी

ताई,

"मागे रांग आहे," असंच म्हणाले भाऊजी. पण पत्र घेतलं. उत्तर आलं नाही, त्यावरून वाचलंस असं धरून चालतो.

आज बातमी चांगली आहे, म्हणून घाईने लिहितोय. मॉडेलमध्ये उतार आला!

गेल्या आठवड्यात बिल्डरकडच्या मॅडम माझ्याकडे आल्या होत्या, आणि सोबत तुझे विरोधक, आपले टाळीवाले. टीव्हीवर दिसतात त्याहून ते बुटके आहेत, पण दर वाक्याला हात पुढे करायची खोड तशीच आहे. "काय खोटं बोललो? द्या टाळी!" माझ्या खोलीत शिरल्या शिरल्या स्टुलावर बसून माझ्या कटरकडे बघत म्हणाले, "याने दाढी करता का हो तुम्ही?" आणि हात पुढे. मी त्यांना स्पष्ट सांगितलं, उताराशिवाय आमच्या गल्लीतला एक माणूस या टॉवरांकडे ढुंकून बघणार नाही. चक्क भांडलो म्हण ना. शेवटी ऐकलं त्यांनी.

तेव्हापासून तेच करत बसलो आहे. दगड एकेक कापून लावले, चिकटपट्टी मारून नाही. शेडच्या पत्र्याला गंज हवा होता, तो चहाच्या पाण्याने आणला. ओढायची चरखी केली, तिला शिलाईच्या दोऱ्याचा दोर गुंडाळला. चरखीचा दांडा तुझ्या हातांनी जिथे झिजून पातळ झालाय तिथे तो खरंच पातळ केलाय. दिसणार कुणालाच नाही, पण केलाय. उतारावर एक होडी ठेवली, निळ्या पट्ट्याची. तोंड समुद्राकडे, आत्ता निघते की मग निघते अशी. आज मॅडम पुन्हा आल्या, वाकून बघत होत्या. म्हणाल्या, "किती जिवंत वाटतंय हो!" सगळ्या मॉडेलमध्ये मला आवडलेला तुकडा तेवढा एकच आहे.

जोडणीची एक बारीकशी बाब आहे, पण ती आमच्या धंद्यातली. तुला कंटाळा येईल.

एक तारखेला शाळेच्या हॉलमध्ये ते सगळ्यांना दाखवणार आहेत. तू ये. तुझ्या लोकांनाही घेऊन ये. तू इतके दिवस ज्याच्यासाठी घरोघर फिरतेस ते आता त्यांच्याच टेबलावर मांडलेलं आहे. म्हणजे तू अर्धी जिंकलीस, असं नाही का?

तुझा भाऊ

२ फेब्रुवारी

ताई,

आलीस, पण मागच्या भिंतीला टेकून उभी राहिलीस. एकदा तरी जवळ येऊन बघायचं होतंस. सगळा हॉल माझ्या टेबलाभोवती होता, आणि मी तुझ्याकडे बघत होतो की तू आता पुढे येशील, मग पुढे येशील. तू फक्त माझ्याकडे बघत होतीस. मॉडेलकडे नाहीच.

खोटं कशाला सांगू, मला अभिमान वाटला. लोकांना आपापली खिडकी कुठे येणार ते बघायचं होतं, पण बघता बघता सगळे उतारापाशीच येऊन थांबत होते. म्हातारे एकमेकांना कोपराने ढोसून दाखवत होते, "अरे तो बघ खांब, तिथेच तू पडला होतास!" चरखी बघून दोघं-तिघं हसले. जाळी विणणाऱ्या मावशी तर टेबलाला धरून उभ्याच राहिल्या. आई गेल्यावर आपल्या दोघांना हाताशी धरणारी ती बाई, माझा चेहरा दोन्ही हातांत धरला तिने.

मग टाळीवाल्यांचं भाषण झालं. "उतार जाणार, उतार जाणार म्हणून कोण ओरडत होतं? बघा, डोळ्यांनी बघा! आणि हे केलंय कुणी? त्यांच्याच सख्ख्या भावाने!" मला हाताला धरून वर ओढलं. मी हात सोडवून घेतला नाही.

त्यानंतर मावशींनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "भाषण राहू दे. तू सांग. हे असंच राहणार ना रे? तू तिचा भाऊ, तू मला फसवणार नाहीस."

मी मान हलवली. तोंडाने काही बोललो नाही. मान काय, कशीही हलू शकते.

होडीची एक गंमत झाली. हॉल उघडायच्या वेळी मी गेलो तर ती उलटी फिरवून ठेवलेली, तोंड शेडकडे. झाडायला आलेल्यांपैकी कुणीतरी हात लावला असणार. असा राग आला! शोभेच्या वस्तूला हात लावल्याशिवाय लोकांना चैनच पडत नाही. मी ती परत समुद्राकडे केली.

तुझ्या प्रचाराला हल्ली माणसं कमी दिसतात असं ही म्हणत होती. त्याचा आणि मॉडेलचा संबंध जोडू नकोस.

तुझा भाऊ

८ फेब्रुवारी

ताई,

माझं नाव अजून तुमच्याच वॉर्डात आहे. पत्ता बदलायचा कंटाळा केला होता, तो आज कामाला आला. सकाळी येऊन मत दिलं. शाळेच्या दारात तू हात जोडून उभी होतीस. मला बघून जोडलेले हात सुटले तुझे, पुन्हा जोडायचे की नाही असं झालं. मी मान खाली घालून आत गेलो.

मत तुलाच दिलं. हे सांगायला सुद्धा लाज वाटतेय. माणसाला गळ्यापर्यंत पाण्यात ढकलायचं आणि वरून त्याच्या डोक्यावर छत्री धरायची, तसं झालं हे.

आतून बाहेर आलो तेव्हा तुला काहीतरी सांगणार होतो. तू कुणाशी तरी बोलत होतीस. मी थांबलो नाही. थांबायला हवं होतं.

भाऊ

१० फेब्रुवारी

ताई,

निकाल ऐकला. थोडक्यात गेलं म्हणतात. थोडक्यात गेलं हे ऐकणं जास्त वाईट. मोठ्या फरकाने गेलं असतं तर मला झोप लागली असती.

टाळीवाल्यांची मिरवणूक माझ्या खोलीखालून गेली. मला बघून त्यांनी खालूनच हात वर केला, टाळी मागतात तसा. मी खिडकी लावून घेतली. खिडकी लावायची अक्कल मला कधी आली ते बघ.

आता जे लिहितोय ते आधीच्या कुठल्या ना कुठल्या पत्रात लिहायला हवं होतं. प्रत्येक वेळी पेन तिथपर्यंत नेलं आणि वळवलं.

तो उतार चिकटवलेला नाही. टाचण्यांवर बसवलेला आहे. वरच्यावर उचलला की अख्खा निघतो, शेड, चरखी, होडी, सगळ्यासकट. आणि खाली रस्ता आहे. तो मीच केलाय. पांढऱ्या पट्ट्या मारलेल्या, दिव्यांचे खांब, पाण्याच्या कडेला बाकं. बिल्डरच्या नकाशात उतार कधीच नव्हता, ताई. पहिल्या दिवसापासून नव्हता.

त्या दिवशी मी भांडलो वगैरे काही नाही. मॅडमनी नकाशा पसरला. टाळीवाले म्हणाले, निवडणूक होईपर्यंत उतार दिसू दे, लोक त्याच्यासाठीच अडून बसलेत. मॅडम म्हणाल्या, पण हेच मॉडेल आम्हाला नंतर विक्रीच्या ऑफिसात ठेवायचं आहे, पुन्हा दुसरं कोण करणार. तेव्हा खाली रस्ता पूर्ण करून घ्या आणि वरून उतार नुसता बसवा. निघता ठेवा. टाळीवाल्यांनी माझ्याकडे हात केला. "काय खोटं बोललो? द्या टाळी!"

मी दिली.

तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. टाचण्या बाहेरून दिसतील असं त्या म्हणाल्या तर मी आपणहून सुचवलं की शेडचे खांब पोकळ करतो, टाचण्या त्यांच्या आत जातील. फार हुशार कल्पना आहे म्हणाल्या. मला बरं वाटलं. त्या क्षणी खरोखर बरं वाटलं गं. तुझं घर बुडवायच्या कामात मला शाबासकी मिळत होती आणि मी ती हात पुढे करून घेत होतो.

तू उभी राहणार हे मला माहीत नव्हतं, हेही खोटं. भाऊजींनी मला ते दिवाळीत भेटून सांगितलं होतं, काम घेण्याच्या आधी. मला वाटलं तू नंतर माघार घेशील. आणि खरं सांगायचं तर बाबांच्या खोलीत माझाही वाटा आहे हे मी कधी विसरलो नव्हतो. भाव ऐकून हिने चहा खाली ठेवला असं मी गमतीने लिहिलं. माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं ते नाही लिहिलं.

मावशींना मी मान हलवून हो म्हटलं. कशीही हलत नव्हती ती, होकाराचीच हलत होती.

काल हिला सगळं सांगितलं. तिने बाकी काही विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "टाळी दिलीत तुम्ही?" आणि ताटं वाढायला उठली. तेव्हापासून घरात भांड्यांचाच काय तो आवाज आहे.

हे वाचून तू काय करशील माहीत नाही. सगळ्यांना सांग. माझं नाव घेऊन सांग. मी कानावर हात ठेवणार नाही.

भाऊ

१७ मार्च

ताई,

महिना झाला. तू सगळ्यांना सांगशील म्हणून मी रोज वाट बघत होतो. कुणी दारात येऊन शिव्या देईल, मावशी येतील, काहीतरी होईल. काहीच झालं नाही. मला वाटलं पत्र फाडलंस, वाचलंच नाहीस.

काल मॅडमचा फोन आला. विक्रीचं ऑफिस तयार झालंय, मॉडेलचे फोटो काढायचे आहेत, तेव्हा "ते वरचं" काढून द्या. गेलो. सगळीकडे काच, पायाखाली जाड गालिचा, थंडगार. मॉडेल मधोमध, वरून दिवे सोडलेले. तुझी गल्ली तिथे इतकी स्वच्छ दिसत होती की ओळखू येईना.

मी वाकून शेडचे दोन खांब धरले आणि उचललं. सहज आलं हातात. खालचा रस्ता धूळसुद्धा न लागलेला, जसा केला तसा. फोटोवाला म्हणाला, "वा, मोकळं झालं!"

तुकडा पालथा केला तर एक टाचणी वेगळी दिसली. वाकली होती आणि कुणीतरी पकडीने सरळ केली होती. पकडीचे दात उमटलेले होते तिच्यावर. मी वाकडी टाचणी कधी सरळ करत नाही, फेकून देतो. माझ्यानंतर कुणीतरी हे उचललं होतं आणि परत नीट बसवलं होतं. तेव्हा मला होडी आठवली. प्रदर्शनाच्या सकाळी उलटी झालेली होडी.

मॅडम मागून म्हणाल्या, "सांभाळून ठेवा हं तो भाग. रविवारी होड्यांच्या शेडमध्ये टॉवरांना गल्लीवाल्यांच्या संमतीच्या सह्या घ्यायच्या आहेत, तेव्हा परत लावून द्यायचाय." इतक्या सहज म्हणाल्या, की जणू टेबलक्लॉथ घालायचा आहे. मी खोक्यात तुकडा ठेवला आणि तडक धक्क्यावर गेलो.

खिडकीशी कुणी नव्हतं. मी म्हटलं, "भाऊजी, तिकीट नको."

"मागे रांग आहे," भाऊजी म्हणाले.

मी मागे बघितलं. एक कुत्रं झोपलं होतं. खोकं उघडून मी त्यांना टाचणी दाखवली. "ही पक्कड तिची ना?"

भाऊजींनी चष्मा काढला. मग खिडकीत 'बंद' अशी पाटी लावली आणि बाजूच्या दाराने बाहेर आले. इतक्या वर्षांत त्यांना त्या खिडकीबाहेर कामाच्या वेळी मी पहिल्यांदाच बघितलं. आम्ही बाकावर बसलो.

"त्या दिवशी सकाळी गेली होती ती हॉलमध्ये," ते म्हणाले. "झाडणारी ओळखीची आहे, तिने आत घेतलं. तुझं काम तिला चारचौघांत बघायचं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं तर काय करू, म्हणत होती."

"मग?"

"मग काय. होडी उलटी आहे म्हणून ती सरळ करायला गेली. तू होडी चिकटवलेली घट्ट. तिने लावला जोर, तर होडीसकट शेड हातात आली. खाली बघते तर रस्ता."

मी खोक्याचं झाकण लावलं.

"होडी सोडवून सरळ केली, टाचणी वाकली होती ती नीट केली, सगळं होतं तसं बसवलं आणि घरी आली. मला सांगितलं. मी म्हटलं, सोनं सापडलंय तुला! संध्याकाळी सगळे जमतील, त्यांच्यासमोर उचल. दोन बोटांचं काम आहे. निवडून आलीस म्हणून समज."

"मग का नाही उचललं?"

भाऊजी माझ्याकडे बघत राहिले. "म्हणाली, आणि आमच्या चिमट्याचं काय? मावशी त्याला पुन्हा दारात उभं करतील का? निवडणूक काय, परत येईल. तो गेला तर मी कुठून आणू?"

नंतर ते म्हणाले, "मी कितीतरी दिवस तिच्याशी धड बोललो नाही. तुझी पत्रं घेताना रांगेचं नाव सांगायचो ते बरं, नाहीतर खिडकीतून हात बाहेर काढून तुझ्या कानाखाली वाजवली असती." आणि जायला उठता उठता म्हणाले, "पण तिला खरा राग कशाचा आला, माहितीये? म्हणाली, जन्म गेला उतारावर आणि होडी उलटी चढवली गाढवाने."

मी तिथेच बाकावर बसून रडलो, ताई. एक बाई जवळ येऊन म्हणाली, "जाऊ द्या हो, पुढची लाँच येतेच आहे."

दोर होडीच्या तोंडाला बांधतात आणि चरखीने वर ओढतात. तोंड जमिनीकडेच येणार. हे मला माहीत नव्हतं असं नाही. उतारावर होडी छान दिसावी म्हणून मी ती फिरवली. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांनी बघायची सवय इतकी लागली की आपला उतारसुद्धा मला आपल्या डोळ्यांनी दिसेना.

तुझ्या हातात लाकडाची बारीक कुसळं शिरायची आणि मी आईचा चिमटा घेऊन ती काढत बसायचो, म्हणून तू मला चिमट्या म्हणायला लागलीस. माझ्या बोटांना हे जे बारीक काम येतं ते तुझ्या तळहातावर शिकलेलं आहे. त्याच बोटांनी मी पोकळ खांब केले.

तू हॉलच्या मागच्या भिंतीला टेकून उभी होतीस तेव्हा तुला सगळं माहीत होतं. त्यांनी मला हाताला धरून वर ओढलं तेव्हा माहीत होतं. मावशींपुढे मी मान हलवली तीही तू बघितलीस. आणि मी तुला पत्र लिहिलं, की जवळ येऊन बघायचं होतंस. ते पत्र वाचताना तुझा चेहरा कसा झाला असेल ते मनातून जात नाही. जमीन दुभंगली तर बरं, असं वाटतंय.

पण एक सांगतो, आणि हे धाकटा म्हणून नाही सांगत. तू चुकलीस. उतार तुझ्या एकटीचा नव्हता, की माझ्यावरून ओवाळून टाकावास. मावशींचा होता, त्या म्हाताऱ्यांचा होता. माझ्यासाठी तू त्या सगळ्यांना अंधारात ठेवलंस, आणि ते ओझं तू एवढे दिवस एकटी वाहतेयस म्हणून फोन उचलत नाहीस, हे आता कळतंय मला. मला वाटायचं, माझं तोंड बघायचं नाही तुला. तुझं तोंड मला दाखवायचं नव्हतं तुला.

सह्या अजून झालेल्या नाहीत. रविवारी मॉडेल तुमच्या शेडमध्ये येणार आणि उतार बसवायला मला बोलावलंय. मी येणार आहे. बसवणार आहे. सगळे जमू देत, टाळीवाल्यांना भाषण करू देत, हात पुढे करू देत. मग मी सगळ्यांसमोर तो उचलणार आहे. भाऊजी म्हणतात तसं, दोन बोटांचं काम आहे.

मावशींना पुढे बसव. त्यांना नीट दिसत नाही हल्ली. रस्ता त्यांना जवळून दिसला पाहिजे आणि हे कुणी केलं ते माझ्या तोंडून ऐकू आलं पाहिजे. त्या मारतील. मारू देत. त्यानंतर या शहरात मला कुणी मॉडेल करायला देणार नाही. हिला सांगितलं आहे. आज ती ताट वाढताना दोन शब्द बोलली माझ्याशी.

तू फक्त मध्ये पडू नकोस. हाताला धरून मला घरात ओढू नकोस, "लहान आहे तो" म्हणू नकोस. इतका वेळ तू मला झाकलंस, आता बाजूला हो. नंतर वाटलं तर बोल, नाही वाटलं तर नको.

होडी मी फिरवली आहे. तोंड जमिनीकडे. तेवढी गोंदाने पक्की केली आहे.

चिमट्या